वाळूच्या टेकड्यांवर एक दिवस: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दोन फोर बाय फोर गाड्या घेऊन आम्ही आठजण वाळवंटात जाणार आहोत. टायरमधली हवा कमी करावी लागते म्हणतात. किती, आणि कशासाठी?

उत्तर: बाकीची तयारी राहिली तरी चालेल, पण हे आधी शिकून घ्या. रस्त्यावर चालणारा ३२ ते ३५ पीएसआयचा (हे हवेच्या दाबाचे माप) टायर वाळूत सुरीसारखा आत शिरतो. हवा कमी केली की तो पसरतो, आणि रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो. जमिनीला टेकणारा पट्टा लांब झाला की गाडीचा भार वाटला जातो आणि वाळू कापली न जाता दाबली जाते. मध्यम वजनाच्या गाडीला १८ पीएसआयने सुरुवात करा. वाळू पिठासारखी असेल तर १५ वर या. १२ च्या खाली फक्त रुतलेली गाडी बाहेर काढण्यापुरते जायचे, तेही सरळ आणि सावकाश. टायरची कड रिमला चिकटून राहते ती आतल्या हवेच्या दाबामुळे. इतक्या कमी हवेवर झटक्यात वळलात की कड निसटते, आणि टायर वाळवंटातच रिमवरून उतरतो.

माप घेताना एक चूक हमखास होते. रस्त्यावरून नुकत्याच आलेल्या गरम टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआयने जास्त दिसतो. १८ वर थांबलात तर थंड झाल्यावर तो १५ च्या आसपास येतो. म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा.

कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्याने जोडायचा घ्या आणि इंजिन चालू ठेवून वापरा. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप चार टायर भरता भरता तापून बंद पडतो किंवा फ्यूज उडवतो. हवा पुन्हा भरल्याशिवाय डांबरी रस्त्यावर वेग घ्यायचा नाही. कमी हवेचा टायर बाजूने सतत दुमडतो, तापतो आणि फुटतो.

ही युक्ती जुनी आहे. राल्फ बॅगनॉल्ड हे ब्रिटिश सैन्याधिकारी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या नेत. टायरची हवा कमी करणे आणि रुतलेल्या चाकाखाली पोलादी पट्ट्या घालणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी तिथे पक्क्या केल्या. आज छतावर बांधून नेतात त्या प्लॅस्टिकच्या फळ्या त्याच पट्ट्यांच्या वारसदार.

प्रश्न: गाडी रुतलीच तर?

उत्तर: पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा. लगेच. चाक जागच्या जागी फिरू लागले की प्रत्येक फेरीला गाडी आणखी खाली बसते; दहा सेकंदांच्या हट्टापायी तासभर फावडे चालवावे लागते. खाली उतरून आधी गाडीचे पोट बघा. ते वाळूवर टेकले असेल तर चाकांपुढे कितीही उकरा, गाडी हलणार नाही, कारण वजन चाकांवर उरलेलेच नसते. पोटाखालची वाळू ओढून काढा, मग चारही चाकांपुढे आणि मागे हलका उतार करा. हवा १२ पीएसआयवर आणा. मग रिव्हर्स टाकून आपल्याच चाकोरीतून मागे या. ती वाळू आधीच दाबली गेलेली असते.

फळ्या वापरणार असाल तर त्यांचे टोक चाकाखाली घट्ट कोंबा आणि क्लच हळू सोडा. चाक गरकन फिरले तर फळीचे दात घासून वितळतात, फळी मागे उडते. मागे कुणालाही उभे राहू देऊ नका.

दुसऱ्या गाडीने ओढायचे तर ताणला जाणारा नायलॉनचा दोर हवा आणि दोन्ही टोके गाडीच्या चेसिसवरच्या ठरलेल्या हुकांनाच लावायची. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीही अडकवू नका. तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. त्याने माणसे मेली आहेत. दोरावर मधोमध जाड गोधडी किंवा माती भरलेली पिशवी टाकावी, आणि दोराच्या दीडपट अंतरात कुणीही नसावे.

प्रश्न: टेकडी चढताना माथ्यावर नेमके काय करायचे?

उत्तर: आधी टेकडीच्या दोन बाजू ओळखायला शिका. ज्या बाजूने वारा येतो तिथला उतार मंद असतो आणि वाळू वाऱ्याने ठोकून घट्ट केलेली. पलीकडची, आडोशाची बाजू ३० ते ३४ अंशांवर उभी असते. कोरडी वाळू यापेक्षा उभी राहूच शकत नाही, त्यामुळे तिथे ती नेहमी घसरायच्या बेतात असते. सकाळी आणि संध्याकाळी कड्याची सावली पडते, धार स्पष्ट दिसते. भर दुपारी सावलीच नसते. सगळे एकसारखे पिवळे दिसते आणि पुढे उतार आहे की कडा हे समजत नाही. अनोळखी टेकड्यांवर बारा ते तीन गाडी चालवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उकाड्याचा मुद्दा वेगळाच.

चढ सरळ घ्यायचा, तिरका नाही. वेग खालीच घ्या आणि माथा गाडीच्या लांबीभर उरला की पाय सैल सोडा, म्हणजे गाडी माथ्यावर जेमतेम पोचेल. जोरात गेलात तर हवेत उडून नाक पलीकडे रुततं. फारच हळू गेलात तर पोट माथ्यावर टेकून गाडी तराजूसारखी डुलत राहते. पलीकडे कुणी नाही ना, हे एकाने आधी पायी जाऊन बघावे. उतरताना नाक सरळ खाली, पहिला गिअर, ब्रेकला हात... म्हणजे पाय, नाही. मागचा भाग आडवा होऊ लागला तर स्टिअरिंग उताराकडे वळवून किंचित अ‍ॅक्सिलरेटर द्या. ब्रेक दाबलात तर पुढच्या चाकांसमोर वाळूचा बांध तयार होतो आणि गाडी उलटायचे खरे कारण तोच असतो. सपाटीवरही ब्रेक न मारता गाडीला आपोआप थांबू द्या, शक्यतो नाक उताराकडे ठेवून.

ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवा. चाक थोडे घसरले की ते इंजिनची ताकद कापते, आणि तीही नेमकी चढावर.

प्रश्न: वाळूवरून घसरायचा सँडबोर्ड ढकलला तरी सरकत नाही. बोर्ड खराब आहे का?

उत्तर: बहुधा मेण संपलेले आहे. वाळू म्हणजे सँडपेपरच. एका घसरणीत तळाचे मेण खरवडले जाते. प्रत्येक खेपेआधी तळ कापडाने झटका, मग पॅराफिनची कांडी नाकापासून शेपटीपर्यंत लांब हात फिरवून घासा. आधी झटकले नाही तर कण मेणात बसतात आणि तळाला चरे पडतात. बर्फावरचा बोर्ड आणला असेल तर निराशाच पदरी पडेल. सँडबोर्डचा तळ गुळगुळीत, कठीण लॅमिनेटचा असतो.

वजन मागच्या पायावर ठेवा. पुढे झुकलात की नाक वाळूत घुसते आणि तुम्ही त्याच्यावरून पुढे जाता. झोपून घसरणाऱ्यांनी कोपरे अंगाशी घ्यावीत, तोंड मिटावे, वेग कमी करायला पायाचे चवडे मागे घासावेत. सकाळी वर दव असेल तर बोर्ड चिकटतो. वरचा थर सुकेपर्यंत थांबा.

प्रश्न: बारा वर्षांच्या मुलाला क्वाड बाइक (चार चाकांची मोटारसायकल) चालवू द्यावी का?

उत्तर: मोठ्यांच्या आकाराची नाही. उत्पादकच १६ वर्षांखालील मुलांना ती देऊ नका म्हणतात. वळताना तोल शरीर झुकवून सांभाळावा लागतो आणि हलक्या अंगाला ते जमत नाही. मोठ्यांनाही एकच सांगणे: घसरताना पाय खाली टेकू नका. मागचे चाक त्याच पायावरून जाते. गळ्यातली ओढणी, स्कार्फ आत खोचा.

प्रश्न: कॅमेरा आणि डोळे यांची काळजी?

उत्तर: लेन्स तिथे बदलू नका. काचेवर बसलेली वाळू कापडाने पुसायची नाही, रबरी फुग्याने उडवायची. पुसलीत की ओरखडा आलाच. फोन बंद पिशवीत, चार्जिंगच्या भोकावर चिकटपट्टी. कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका, चष्म्यावर बसणारे गॉगल वापरा. डोळ्यात कण गेला तर चोळू नका. स्वच्छ पाणी डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला सोडा.