घट्ट बसलेली झाकणे आणि दुखरे हात: कोणते साधन घ्यावे?

तुमच्या आईंच्या बोटांत आणि अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, दिवसभर त्या घरी एकट्या असतात, जॅम, सॉस किंवा लोणच्याची नवी बरणी त्यांना उघडता येत नाही आणि बाजारातल्या साधनांपैकी नेमके कोणते घ्यावे हे कळत नाही, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या सासूबाईंनाही हाच त्रास असल्यामुळे यांपैकी बहुतेक साधने आमच्या स्वयंपाकघरात वापरून झाली आहेत. माझे मत आधीच सांगते. झाकणाच्या कडेखाली अडकवून आतली पोकळी मोडणारी प्लास्टिकची किल्ली आणि सिलिकॉनच्या किंवा रबराच्या दोन चकत्या, एवढे आधी घ्यावे. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राचा विचार त्यानंतर करावा.

किल्लीला मी पहिले स्थान का देते, हे समजण्यासाठी झाकण मुळात घट्ट का बसते ते पाहावे लागेल. जॅम किंवा सॉस बहुधा गरम असतानाच बरणीत भरला जातो आणि वरच्या रिकाम्या जागेत वाफ असते. बरणी थंड झाली की त्या वाफेचे पाणी होते, आत काही प्रमाणात पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा झाकणाला काचेवर दाबून धरते. 63 मिलिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे 31 चौरस सेंटीमीटर भरते आणि समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 1 किलो असतो. म्हणजे आत निम्मीच पोकळी असली तरी त्या झाकणावर 15 किलोंहून अधिक भार सतत असतो. 82 मिलिमीटरच्या रुंद झाकणावर हाच भार 26 किलोंच्या पुढे जातो, आणि शिवाय एवढे रुंद झाकण लहान पंजाच्या मुठीत नीट मावतही नाही. महाबळेश्वरात भरलेली जॅमची बरणी मुंबईत आल्यावर अधिक हट्टी वाटते, त्यालाही कारण आहे: सुमारे 1,350 मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, बरणी खाली आली की तो वाढतो, आणि माझ्या हिशेबाने 63 मिलिमीटरच्या झाकणावर त्यामुळे साडेचार ते पाच किलोंची भर पडते.

या भारामुळे झाकणाच्या आत बसवलेली मऊ कड काचेवर आवळली जाते, आणि झाकण फिरवताना आपल्या मनगटाला तिच्या घर्षणाशी झगडावे लागते. हा भार आधीच काढून टाकला तर झगडण्यासारखे फारसे उरत नाही. किल्ली नेमके हेच काम करते. डेन्मार्कच्या ब्रिक्स कंपनीची ‘जारकी’ हे तिचे प्रसिद्ध रूप आहे, आणि त्याच धर्तीच्या इतर किल्ल्याही मिळतात. किल्लीचे खालचे टोक झाकणाच्या कडेखाली अडकवायचे, तिचा वरचा भाग झाकणावर टेकवायचा आणि दांडी हळूच वर उचलायची. झाकणाची कड केसभर उचलली जाते, हवा आत शिरते, ‘टक्’ असा आवाज येतो आणि मधला दबलेला भाग वर येतो. त्यानंतर तेच झाकण बहुतेक वेळा तळव्याच्या साध्या दाबाने फिरते. यात चिमटीत धरण्याची, आवळण्याची किंवा मनगट पिळण्याची गरज पडत नाही, आणि संधिवाताच्या हातांना नेमक्या याच तीन हालचाली सर्वांत जड जातात. झाकण वाकत नसल्याने ते पुन्हा लावताही येते. किल्ली हाताशी नसेल तर शीतपेयाच्या बाटलीच्या ओपनरचे टोक किंवा चमच्याच्या दांडीचे टोक तसेच वापरता येते, परंतु धातूच्या टोकाने काचेची कड उडू शकते, म्हणून ते काम दुसऱ्या कोणीतरी, सावकाश करावे. सुरीचे टोक मात्र कधीही वापरू नये. ती निसटली की थेट दुसऱ्या हाताच्या तळव्यात जाते.

किल्लीच्या मर्यादाही माहीत असाव्यात. पातळ पत्र्याचे झाकण आणि आतली पोकळी, या दोन्ही गोष्टी असतील तरच ती उपयोगी पडते. एकदा उघडून पुन्हा लावलेल्या बरणीचे झाकण अडते ते बहुधा पोकळीमुळे नव्हे. जॅम, मुरांबा, मध किंवा गुळांबा कडेवरून ओघळून आट्यांत सुकतो आणि साखर झाकण चिकटवून ठेवते. अशा वेळी गरम पाणी हा खरा उपाय आहे. पसरट भांड्यात दोन बोटे गरम पाणी घेऊन बरणी त्यात उलटी, फक्त झाकण बुडेल अशी, एखादा मिनिट धरावी, मग कोरडी पुसून फिरवावी. उष्णतेने पत्रा प्रसरण पावतो आणि झाकण सैल होते, असे आपण ऐकत आलो आहोत. ते खरे आहे, पण प्रसरण फारच थोडे असते: 63 मिलिमीटरचे पोलादी झाकण 50 अंशांनी तापवले तर त्याचा व्यास जेमतेम 0.04 मिलिमीटरने वाढतो. त्याहून मोठे काम होते ते साखर विरघळण्याचे आणि आतली कड मऊ पडण्याचे. फ्रिजमधून काढलेली बरणी मात्र लगेच गरम पाण्यात धरू नये, काच तडकते. भरलेली बरणी उलटी धरणे हेही दुखऱ्या हातांचे काम नाही. आईंनी त्याऐवजी गरम पाण्यात भिजवून पिळलेले जाड फडके झाकणाभोवती गुंडाळून ठेवावे.

लोणच्याच्या बरणीची अडचण आणखी वेगळी आहे. मीठ आणि आंबटपणा यांमुळे पत्र्याचे झाकण आतून गंजते, गंज आट्यांत धरतो, आणि तेलामुळे बाहेरून हातही घसरतो. असे झाकण एकदा जोर लावून उघडता येईल, पण पुन्हा लावण्याच्या लायकीचे नसते. घरचे लोणचे पत्र्याच्या झाकणाच्या बरणीत ठेवूच नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. चिनी मातीची बरणी आणि तिच्या तोंडाला बांधलेला दादरा ही जुनी रीत या बाबतीत आजही उत्तम आहे, कारण तिथे फिरवण्यासारखे काहीच नसते. मात्र मोठी बरणी जड असते, म्हणून रोजच्या वापरापुरते लोणचे लहान भांड्यात काढून ठेवावे.

आता पकड देणाऱ्या साधनांविषयी. सिलिकॉनची चकती, भांडी घासताना घालतात तो रबरी हातमोजा किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी, ही सगळी घर्षण वाढवण्याची साधने आहेत आणि घसरणाऱ्या झाकणावर ती छान चालतात. पण झाकण आवळण्याचा जोर हातालाच लावावा लागतो, म्हणून केवळ एवढ्यावर तुमच्या आईंचे काम भागणार नाही. तरीही मी दोन चकत्या घ्यायला सांगितल्या, कारण झाकण उघडत नाही तेव्हा अर्धी अडचण खालच्या बाजूला असते: बरणीच फिरत राहते आणि तिला घट्ट धरण्यात दुसरा हात दमून जातो. एक चकती ओट्यावर बरणीखाली ठेवली की बरणी जागची हलत नाही आणि दुसऱ्या हाताला ती नुसती टेकवून धरावी लागते. चकती नसेल तर ओले, घट्ट पिळलेले फडकेही गुळगुळीत ग्रॅनाइटवर चांगले काम देते. ओटा उंच वाटत असेल तर बरणी खालच्या टेबलावर ठेवावी, म्हणजे खांद्याचा आणि शरीराचा भार वरून देता येतो.

रबरी पट्टा आणि लांब दांडी असलेले साधन गॅरेजमध्ये तेलाचा फिल्टर काढण्याच्या पट्टा-पान्ह्यासारखेच चालते. 70 मिलिमीटरचे झाकण हाताने फिरवताना आपला जोर केंद्रापासून साडेतीन सेंटीमीटरवर लागतो. दांडी केंद्रापासून 20 सेंटीमीटरपर्यंत पोहोचली की तेवढ्याच परिणामासाठी पाचव्या हिश्श्याहून कमी जोर पुरतो. शिवाय हा पट्टा प्लास्टिकच्या झाकणांवरही चालतो, तिथे किल्लीचा उपयोग नसतो. पट्टा कोणत्या दिशेने घालायचा हे मात्र एकदा हाताशी बसून शिकवावे लागते, कारण उलटा घातला तर तो आवळण्याऐवजी सुटतो. अडकित्त्यासारखी, दोन दांड्या आवळून झाकण पकडणारी साधने मी तुमच्या आईंसाठी सुचवणार नाही. ती स्वस्त आणि मजबूत असतात, पण त्यांत सारा भार मुठीवर आणि अंगठ्याच्या मुळावर येतो, आणि दुखणे नेमके तिथेच आहे. दांडी कोणतीही घेतली तरी ती जाड आणि मऊ असावी. अमेरिकेत 1990 मध्ये सॅम फार्बर यांनी ऑक्सो कंपनीची ‘गुड ग्रिप्स’ भांडी-साधने बाजारात आणली तीच मुळी त्यांच्या पत्नीला संधिवातामुळे सोलाणे धरताना होणाऱ्या त्रासातून. तिथल्या जाड, काळ्या, रबरी मुठीचा विचार आता इतर अनेक साधनांत उतरला आहे.

कपाटाच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवायचे, व्ही आकाराचे दातेरी साधनही मिळते. झाकण त्यात सरकवून दोन्ही हातांनी बरणीच फिरवायची असते. अर्धांगवायूनंतर एकच हात चालतो अशा माणसासाठीही ते उपयोगी आहे. आपल्याकडे ओटा दगडाचा असल्याने ते भिंतीवरच्या प्लायवुडच्या कपाटाखालीच बसवावे लागते, आणि स्क्रू कपाटाच्या आत बाहेर येणार नाही एवढ्या बेताचा असावा. भाड्याच्या घरात हे जमेलच असे नाही. बॅटरीचे यंत्र बरणीवर ठेवून बटण दाबले की त्याच्या जबड्यांची एक जोडी बरणीला आणि दुसरी झाकणाला पकडते आणि झाकण आपोआप फिरते. ज्यांच्या हातात जोर उरलेलाच नाही त्यांच्यासाठी ते मोलाचे आहे. मात्र ते उचलून नीट बसवावे लागते आणि फार लहान किंवा फार रुंद झाकणे त्याच्या पकडीत येत नाहीत.

स्टीलच्या डब्यांचेही आईंना अडत असेलच. दाबून बसणाऱ्या झाकणाला फिरवण्याची साधने लागू पडत नाहीत. गरम भाजी भरून लगेच बंद केलेला डबा गार झाल्यावर उघडत नसेल तर तो थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावा. आतली हवा प्रसरण पावली की झाकण सुटते. प्रेशर कुकर मात्र या सगळ्यातून पूर्णपणे वगळावा. त्याचे झाकण उघडत नसेल तर आत वाफ आहे असेच धरून चालावे आणि कोणतेही साधन न लावता तो आपोआप गार होऊ द्यावा.

साधनांइतकेच महत्त्व हाताच्या पद्धतीला आहे, आणि ते शिकवणारी माणसे आपल्याजवळ आहेत. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, शिक्षण सुरू केले. आज अनेक मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो. सांधे कसे जपावेत, अंगठ्याला आधारपट्टी लागेल का, कोणत्या मुठीचे साधन हाताला बसेल, हे तिथले तज्ज्ञ प्रत्यक्ष हात पाहून सांगतात, म्हणून एकदा तिथे अवश्य जाऊन यावे. त्यांच्याकडून सहसा मिळणारी एक सूचना इथे देते: झाकण उजव्या हाताने उघडावे आणि डाव्या हाताने लावावे, आणि दोन्ही वेळा बोटांनी न पकडता तळवा सपाट ठेवून खांद्यातून फिरवावे. असे केल्याने दोन्ही वेळा बोटे अंगठ्याच्या बाजूला सरकतात. आमवात या संधिवाताच्या प्रकारात बोटे करंगळीकडे झुकू लागतात, आणि उलट हातांनी फिरवले तर त्या झुकण्याला जोर मिळतो.

दोन गोष्टी सुरक्षेच्या. सीलबंद बरणी पहिल्यांदा उघडताना ‘टक्’ आवाज आलाच नाही, मधला भाग आधीपासूनच वर आलेला असला किंवा आतून फेस आला, तर तो पदार्थ चाखूनही पाहू नये. उघडताना काचेची कपची उडाली, तर आतला पदार्थ कितीही महाग असला तरी टाकून द्यावा.

तुम्ही घरी असाल तेव्हा नव्या बरण्यांची पोकळी एकदाच मोडून त्या हलक्या हाताने परत लावून ठेवल्या तर आईंची सोय होईल, पण तसे फक्त लगेच वापरायच्या आणि फ्रिजमध्ये मावतील एवढ्याच बरण्यांचे करावे, कारण सील मोडले की बाहेर टिकण्याची मुदत संपते. आणि प्रत्येक वापरानंतर बरणीची कड व झाकणाचे आटे ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून मगच झाकण लावावे.