रक्तातली जादू : वाचकांचे प्रश्न

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून, पात्रं रंगवत खेळायच्या कथाखेळात सोर्सरर म्हणजे जादू उपजतच अंगात असलेलं पात्र. त्याच्याबद्दलचे हे प्रश्न.

विझर्ड वर्षानुवर्षं पुस्तकं घोकतो, वॉरलॉक करार करून किंमत मोजतो. सोर्सररला सगळं आयतं मिळतं. मग त्याच्या गोष्टीत संघर्ष उरतो कुठे?

ते त्यानं मागितलेलं नसतं, संघर्ष तिथूनच सुरू होतो. विझर्डनं पुस्तक स्वतः उघडलं. वॉरलॉकला करार नाकारता आला असता. सोर्सररला कुणी विचारलंच नाही. घरात भांडण पेटलेलं असताना नऊ वर्षांच्या मुलीच्या बोटांतून ठिणग्या उडतात, पडदा जळतो आणि त्या दिवसापासून आई तिच्याशी जपून बोलू लागते. कथेच्या दृष्टीनं पडद्यापेक्षा ते जपून बोलणं मोठं आहे.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये सोर्सरर हा स्वतंत्र वर्ग (पात्राचा प्रकार) २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत आला आणि त्याचे नियमही हेच सांगत आले आहेत. २०१४च्या नियमांत विझर्ड ६ स्पेल (जादूचे प्रयोग) वहीत घेऊन सुरुवात करतो आणि सापडतील ते आणखी उतरवून घेतो. सोर्सररकडे पहिल्या लेव्हलला कॅन्ट्रिप (हवे तितक्या वेळा वापरायचे साधे स्पेल) सोडले तर फक्त २ स्पेल असतात, विसाव्या लेव्हलला १५. इतके मोजके असल्यामुळे प्रत्येक स्पेल त्या माणसाबद्दल काहीतरी सांगतो. ‘बर्निंग हँड्स’ (हातांतून ज्वाळा) आणि ‘डिसगाइज सेल्फ’ (रूप बदलणं) घेतलेत? म्हणजे हिच्या हातून काहीतरी जळलं आणि मग हिला लपावं लागलं. ‘शील्ड’ (वार अडवणं) आणि ‘चार्म पर्सन’ (समोरच्याला मोहवणं)? हिला लहानपणी मार चुकवायला आणि मोठ्यांची मर्जी सांभाळायला शिकावं लागलं असणार. स्पेल निवडताना फक्त डॅमेज बघू नका. तो स्पेल पहिल्यांदा कधी आणि कुणासमोर निघाला, ते लिहून ठेवा.

माझ्या पात्राच्या पूर्वजांत चंदेरी ड्रॅगन होता. तीन पानी बॅकस्टोरी (पात्राची पूर्वकथा) लिहून दिली, पण डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) ती वापरतच नाहीत. काय करू?

तीन पानांत आज जिवंत असलेली माणसं किती, ते मोजा. तीनशे वर्षांपूर्वीचा ड्रॅगन टेबलावर येऊन बोलत नाही, त्यामुळे डीएमच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी तीन माणसं द्या : हे गुपित ठाऊक असलेलं एक, या रक्तावर डोळा असलेलं एक आणि त्याच घरातलं, पण जादू न उतरलेलं एक. तिसरं माणूस मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सख्खा भाऊ, तेच आईबाप, तेच रक्त आणि हात रिकामे. तो तुमच्या पात्राचा राग करतो की त्याला सुटल्यासारखं वाटतं? एवढ्या एका प्रश्नावर दोन-तीन सेशन (खेळाच्या बैठका) सहज निघतात.

शिवाय २०१४च्या नियमांत ड्रॅकोनिक वंशाच्या सोर्सररच्या अंगावर काही ठिकाणी खवल्यांचा पातळ थर येतो. चिलखत नसताना एसी (आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा) १३ अधिक डेक्स्टेरिटी मॉडिफायर (चपळाईचा आकडा) मिळतो, तो त्यामुळेच. बहुतेक जण आकडा शीटवर लिहितात आणि खवले विसरतात. पुढच्या सेशनला उकाड्यातही बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या दाखवा. कुणीतरी कारण विचारेल.

आमचं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) गंभीर आहे. वाइल्ड मॅजिकचा सोर्सरर आला तर सगळ्याचा विनोद होईल का?

होऊ शकतो. वाइल्ड मॅजिक म्हणजे लहरी जादू : स्पेलनंतर कधीकधी फासे टाकून तक्त्यातला एखादा अनपेक्षित परिणाम घडतो. २०१४च्या तक्त्यात पात्र पुढच्या पाळीपर्यंत कुंडीतलं रोप होतं, पिसांची लांब दाढी फुटते. त्याच तक्त्यात स्वतःभोवती फायरबॉल फुटणंही आहे आणि पहिल्या लेव्हलची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) त्यात अख्खी संपू शकते. सूर काय लागणार, हे तक्त्यापेक्षा त्यानंतरच्या मिनिटावर ठरतं. रोप झालेल्या मैत्रिणीकडे बघून पार्टी हसली, आणि ती माणसात आली तेव्हा तिचे हात थरथरत होते, असं खेळून बघा. हसू आपोआप विरतं.

डीएमनं एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्पेलनंतर डी-ट्वेंटीवर (वीस बाजूंच्या फाशावर) १ पडायची वाट बघत बसलात, तर सेशनच्या सेशन कोरडी जातात. ‘टाइड्स ऑफ केऑस’ ही वाइल्ड मॅजिकची शक्ती वापरून खेळाडूनं अ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा) घेतला की पुढच्या स्पेलला थेट तक्त्यावर फासे टाकायला लावायचा अधिकार तुम्हाला मिळतो. तो दरबारात वापरा, वाटाघाटी चालू असताना वापरा. लढाईत सगळे धोक्याला तयारच असतात.

उपजत जादू म्हटलं की ‘नियतीनं निवडलेला नायक’ होतो आणि बाकीचे खेळाडू मागे पडतात. हे कसं टाळायचं?

भविष्यवाणी काढून टाका. रक्त हे कारण आहे, नेमणूक नव्हे. आणि सेशन झीरोला (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) सोर्सररच्या खेळाडूनं इतरांना विचारावं, ‘तुमच्या पात्राला माझी भीती वाटते का?’ क्लेरिकला (देवाच्या पुजाऱ्याला) यात देवाचा हात दिसेल, रोगला (चोरट्या भामट्याला) धंद्याची संधी दिसेल, विझर्डचा जळफळाट होईल. मग ते गूढ एकट्याचं राहत नाही.

सोर्सररची जादू करिश्मा (व्यक्तिमत्त्वाचा जोर) या गुणावर का चालते?

कारण ती आठवायची नसते, स्वतःच्या जोरावर बाहेर काढायची असते. म्हणूनच स्पेल टाकताना मंत्राच्या उच्चारापेक्षा पात्राची मनःस्थिती वर्णन करा.

२०२४च्या नियमांत उपवर्ग, म्हणजे जादूचा उगम, तिसऱ्या लेव्हलला मिळतो. जादू जन्मापासूनची, मग उगम तोवर गप्प कसा?

यावर बरीच नाराजी आहे. मला मात्र हा बदल मनापासून आवडतो. पहिल्याच लेव्हलला ‘इनेट सॉर्सरी’ आहे : एक मिनिटभर जादू उसळते, लाँग रेस्टमागे (मोठ्या विश्रांतीमागे) दोनदा. म्हणजे ताकद आहे, तिचं नाव ठाऊक नाही. या दोन लेव्हल पात्राला चुकीचं कारण ठामपणे मानू द्या. ‘हा देवीचा कौल आहे’ असं गावानं सांगितलंय आणि तिनंही ते मनापासून धरलंय. उगम अ‍ॅबरंट (परक्या, विचित्र शक्तीचा) आहे हे फक्त तुम्हाला आणि डीएमला माहीत असावं. डीएमनं मध्ये एखाददुसरी न जुळणारी खूण पेरावी : देवळात गेल्यावर तिला काहीच जाणवत नाही, आणि खोल विहिरीत डोकावल्यावर मात्र कुणीतरी तिला नावानं हाक मारतं.