तांब्याभर आंबील

मनू बाळा,

येळवशीच्या, म्हणजे आपल्या रानाच्या वेळ अमावस्येच्या दिवशी तू मला विचारलंस, "आई, बाबा होते तेव्हा तू त्यांच्या हातातली वाटी काढून घ्यायचीस, आणि आता फोटोपुढं तांब्याभर आंबील ठेवतेस. आता कोण पिणारे ते?" मी काही न बोलता डिशवॉशर लावायला घेतला आणि तू पण विषय सोडून दिलास. वाईट हेतूनं नव्हतं विचारलंस, माहितीये मला. पण लागलं. फोनवर बोलायला गेले तर मधेच रडायला येईल आणि तू म्हणशील जाऊ दे आई, सॉरी. सॉरी नकोय मला, म्हणून लिहितेय.

आधी त्या आंबिलाच्या वाटीचं. काढून घ्यायचे, खरंय, आणि आज परत वेळ आली तर परत काढून घेईन. तू लहान होतीस, तुला बाबांच्या डाव्या हातातला फिस्टुला, डायलिसिससाठी जोडलेली ती घरघरणारी रक्तवाहिनी, तेवढा आठवत असेल, कान लावून ऐकायचीस आणि शाळेत सगळ्यांना सांगून आली होतीस की माझ्या बाबांच्या हातात पंखा आहे. पण किडनी गेली ना की प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, आधी पायावर सूज, मग छातीत, मग रात्री आडवं झोपता येत नाही. डायलिसिसचं मशीन ते काढायचं आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, पण मधल्या दिवसांचं काय. म्हणून दिवसभरात मिळून एक लिटर. त्यात चहा आला, वरणाचं पाणी आलं, ताक आलं, बर्फाचा खडा चघळला तर तोही आला. पोटॅशियमचं आणखी वेगळंच, ते वाढलं की हृदय बंद पडू शकतं, आणि पडायच्या आधी धड काही जाणवतही नाही. आता आपल्या येळवशीच्या भज्जीत, त्या मिसळीच्या भाजीत, काय काय पडतं बघ, तुरीचे दाणे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, वालाचे, मेथी, कांद्याची पात, चिंच. सगळं त्याच यादीतलं. मी दाणे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचे, परत उकळायचे, परत फेकायचे, आणि एवढं करून जी भज्जी व्हायची तिच्याकडं बघून बाबा म्हणायचे, "हिला आंघोळ घालून आणलीस काय?" आणि तेवढीच दोन चमचे मिटक्या मारत खायचे.

डायलिसिस सुरू झालं २०१६ च्या उन्हाळ्यात. तेव्हा तिकडं लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं, मिरजहून, पहिल्या गाडीला दहा डबे आणि पाच लाख लिटर पाणी, अख्ख्या देशाच्या टीव्हीवर आमचं लातूर. इथं डाएटिशियन बाई बाबांना मापाचा कप दाखवून समजावत होती की तुम्हाला हे अवघड जाईल, तर हे तिला म्हणाले, मॅडम, मी लातूरचा आहे, आम्हाला मोजून पाणी प्यायची सवय आहे. तिला काही कळलं नाही. मला हसू पण येत होतं आणि त्यांचा रागही येत होता, की माणसाला कुठंतरी सीरियस होता आलं पाहिजे ना.

ते कधीच झाले नाहीत. म्हणजे आजाराच्या बाबतीत नाही झाले, येळवशीच्या बाबतीत मात्र एकदम सीरियस. हॅलोविन संपलं की इथं कॅनडात, मिसिसागात, लोक दारात सजावटीला लावलेले मक्याचे वाळलेले धांडे कचऱ्यात टाकतात, बाबा गाडी हळू चालवत ते हेरायचे आणि बेल वाजवून मागून आणायचे. डाव्या हातानं ओझं उचलायचं नाही म्हणून एकट्या उजव्या हातानं ओढत. कडबा नाही तर नाही, मक्यानं काय पाप केलंय म्हणायचे. डिसेंबरपर्यंत ते गॅरेजमध्ये, त्यात उंदीर, माझी चिडचिड, आणि मग अमावस्येला बॅकयार्डमध्ये बर्फ बाजूला सारून पाच पेंढ्यांची कोप, म्हणजे पूजेची खोपी, वरून माझी हिरवी साडी, आत चुना लावलेले पाच पांडव, म्हणजे पाच दगड. शेजारचा म्हातारा कुंपणावरून विचारायचा की दिस इज फॉर ख्रिसमस? बाबा म्हणायचे यस यस, कम अँड ईट.

आणि ती तूर! दर उन्हाळ्यात मागं चार झाडं लावायचे. तुरीला फुलायला दिवस लहान व्हावा लागतो, तो इथं लहान होतो सप्टेंबरात आणि ऑक्टोबरात पाला मारणारी थंडी येते, मग शेंग धरणार कधी? हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, शेतकऱ्याचं पोरगं. तरी डायलिसिसवरून येऊन, पाय लटपटत असताना, संध्याकाळी झाडांवर जुनी ब्लँकेटं टाकायला जायचे. एकदा मी ओरडले की जरा बसा ना एका जागी. तर म्हणाले, "आठवड्यातून तीनदा मशीन मला परत उभं करतंय, ते काय सोफ्यावर बसायला?" एका वर्षी सात शेंगा आल्या. तू मोजल्या होत्यास.

बघ, तांब्याचं सांगायचं सोडून मी भलतीकडंच चालले.

तू विचारलंस तसंच मी जिजीला विचारलं होतं. म्हणजे माझ्या आजीला, तू फोटोत बघितलीयस, नऊवारी आणि कपाळभर गोंदण. आमच्या लहानपणी येळवस म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. लातुरात त्या दिवशी दुकानं बंद, कलेक्टरची सुट्टी, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, सगळी माणसं रानात. शेत नसेल त्यालाही कोणीतरी बोलावणारच, वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हात धरून जेवायला बसवायचे. दादा आंबिलाचं बिंदगं, म्हणजे मडकं, डोक्यावर घेऊन पुढं, आम्ही मागं, औशाच्या पुढं आपलं रान. ज्वारी आमच्या डोक्याच्या वर. जेवायच्या आधी कोपीला पाच फेऱ्या, चांगभलं म्हणत, आणि मग रानभर आंबील शिंपडायची, मला ते काम फार आवडायचं. तर मी विचारलं की जिजी, रान आंबील पितं का गं? ती म्हणाली, "पितंय का न्हाई ते रानाला इचार. तू शिंपड."

हे गोड उत्तर झालं, पण खरी आठवण गोड नाहीये. १९९३ च्या सप्टेंबरात भूकंप झाला, किल्लारीचा, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या आत. मी सहावीत. आमचा वाडा दगडमातीचा, दोन-दोन हात जाड भिंती, त्या भिंतींचा आम्हाला केवढा अभिमान होता. त्याच आल्या अंगावर. बापूकाका त्यात गेले. जानेवारीत येळवस आली तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. घरात सण बंद होते, सगळ्यांना वाटलं औंदा नाही जायचं. जिजी म्हणाली सण घराचा बंद, रानाचा नाही. तिनं तीन दगडांवर भज्जी शिजवली, आणि रानात पांडवांच्या शेजारी बापूकाकांचं एक पान वाढलं, उंडे, भज्जी, खीर, आणि आंबिलाचा गडू. आमच्या डोळ्यांदेखत एक कुत्रं आलं आणि खायला लागलं. दादा दगड घेऊन उठले तर जिजीनं त्यांचा हात धरला, खाऊ दे म्हणाली. तिथंच उभी राहून तिनं ते पूर्ण बघितलं, कुत्र्यानं पत्रावळ चाटेपर्यंत. मला इतका राग आला होता. लेक गेलाय आणि ही कुत्र्याला जेवू घालतीये, आणि वर हिला बरं वाटतंय! तुला परवा माझ्याबद्दल जे वाटलं असेल ते साधारण हेच असावं.

आता मी जिजीची बाजू घेते आहे असं वाटेल. थोडी घेते, थोडी नाही. बाबा येऊन पितात असं मला वाटत नाही, खोटं कशाला बोलू. सकाळी मीच ती आंबील मागं बर्फात ओतते, आणि ओतताना कधीकधी वाटतं की काय हा वेडेपणा, लसूण वाया, ताक वाया. तू सायन्स शिकणारी पोरगी, तुला हे पटावं असा माझा हट्टही नाही. पण मनू, इतकी वर्षं माझा हात सतत मोजत होता. ग्लासाला मार्करनं केलेली खूण, फ्रीजवरचा कागद, सकाळ-संध्याकाळ वजन. आपण लातूरला गेलो होतो, तू ग्रेड फाइव्हला होतीस, आठवतं? आदल्या दिवशी तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये डायलिसिस करून दुसऱ्या दिवशी रानात. पाहुण्याला आग्रह करणं म्हणजे आपल्याकडं धर्मच, मामा म्हणतायत जावईबापू घ्या की, मामी म्हणतायत एवढ्यानं काय होतंय, आणि मी तिथं चारचौघांत हिशोब करत उभी, स्टीलची छोटी वाटी घेऊन. बाबा सगळ्यांना हसत सांगत होते, "मालकीणबाईंचा रेशनिंगचा माल आहे, कार्डावरच मिळतो." मग कोपीच्या मागं जाऊन त्यांनी बिंदग्यालाच तोंड लावलं. मी बघितलं. मिशीला आंबील, डोळे मिटलेले, गळ्याची घाटी वर-खाली होत होती. मी ओरडायला तोंड उघडलं आणि काय झालं कुणास ठाऊक, वळून तुझ्याकडं आले, तुझ्या फ्रॉकला चिकटलेले कुसळ काढत बसले. पुढच्या डायलिसिसला वजन बरंच जास्त भरलं, नर्स बोलली, पायात गोळे आले, रात्रभर मी चोळत होते आणि हे आपले म्हणतायत, "पण काय आंबील होती!"

म्हणून तांब्या. त्यांच्यासाठी भांडं भरताना मला कुठं थांबायचं नसतं, काठापर्यंत भरते, सांडली तरी चालते. हे माझ्यासाठी असेल, त्यांच्यासाठी नसेल. जिजीचं पण तसंच होतं का, कधी विचारलं नाही तिला, आणि विचारलं असतं तरी तिनं रानाकडं बोट दाखवलं असतं.

तुझ्या अपार्टमेंटमध्ये कोप कर, पांडव मांड असं मी म्हणत नाहीये, उगाच माझ्यासाठी तर अजिबात करू नकोस. गॅरेजमधला मका मात्र मला न विचारता टाकू नकोस. आणि तुझ्या बॅगेत भज्जीचे दोन डबे दिलेत, न उकळलेल्या दाण्यांची, म्हणजे खरी. फ्रीजरमध्ये टाक. रूममेटला देणार असशील तर आधी सांग की तिखट आहे, मागच्या वेळी बिचारीचे डोळे लाल झाले होते आणि तरी ती "इट्स सो गुड आंटी" म्हणत होती.

आई