सोडलेला बॉल

प्रश्न: माझा मुलगा १५ वर्षांचा. क्रिकेटच्या जिल्हा ट्रायलआधी महिनाभर रोज मारुतीला जायचा, तरी लिस्टमध्ये नाव आलं नाही. आता म्हणतो देवबिव काही नसतं. आणि खरं सांगू का, माझंही काही वेगळं नाही, १० वर्षं हरिपाठ म्हणतेय पण अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे नाहीतर व्हॉट्सॲपकडे. आम्ही दोघंही नापासच ना? - एक वाचक, इस्लामपूर

उत्तर: ताई, मुलगा क्रिकेटवाला आहे म्हणून क्रिकेटचंच सांगतो. जानेवारी २००४, ऑस्ट्रेलियाविरुद्धची सिडनी टेस्ट, आम्ही पहाटे पाचला टीव्ही लावून बसलेलो. त्या सिरीजमध्ये सचिनचे तोवरचे स्कोअर होते ०, १, ३७, ० आणि ४४. ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल ड्राइव्ह करायला जायचा आणि आउट व्हायचा. मग त्याने ठरवलं की या मॅचमध्ये कव्हर ड्राइव्ह मारायचाच नाही. म्हणजे बघा, ज्या शॉटसाठी लोक कामधंदे सोडून टीव्हीपुढे बसायचे तोच बंद! त्यांचे बॉलर ली, गिलेस्पी बाहेर बॉल टाकतायत, हा बॅट वर उचलून बॉल कीपरकडे जाऊ देतोय, परत पुढचा, परत तेच. दहा तासांच्या वर खेळला, ४३६ बॉल, नाबाद २४१.

मला वैराग्य म्हणजे काय ते प्रवचनात कधी कळलं नाही, त्या सोडलेल्या बॉलमध्ये थोडंफार कळलं. शॉट वाईट नव्हता, येत नव्हता असंही नाही, फक्त आज नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तुमचीच तक्रार करतो की मन चंचल आहे, आवरत नाही, वाऱ्याला धरण्यासारखं आहे. तेव्हा कृष्ण त्याला नापास वगैरे म्हणत नाही, हो कठीण आहे म्हणतो आणि दोनच गोष्टी सांगतो, अभ्यास आणि वैराग्य. म्हणजे हरिपाठात शिट्टी ऐकू येणारच, तो बाहेरचा बॉल समजायचा, जाऊ द्यायचा आणि पुढची ओळ धरायची. दिवसात ५० वेळा मन पळालं आणि ५० वेळा परत आणलंत तर तोच अभ्यास की. मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा, उगाच फुलटॉस कशाला मागायचा!

आणि गंमत ऐका, एवढं करून ती मॅच ड्रॉच झाली, सिरीजही १-१. म्हणून त्या २४१ ला कुणी फुकट म्हणत नाही. मुलाचं चुकलं असेल तर एवढंच की महिनाभर त्याने मारुतीशी व्यवहार केला, नारळ घे आणि सिलेक्शन दे. पण त्या वयात आपणही तेच केलं, दहावीच्या रिझल्टआधी मी स्वतः गणपतीला २१ मोदक कबूल केले होते (मार्क बेताचेच पडले, मोदक तर दिलेच नाहीत).

त्याला देवळात चल म्हणून मागे लागू नका. रुसलाय, रुसू दे. संध्याकाळी चहा घेताना सहज विचारा, ट्रायलला कुठल्या बॉलवर आउट झालास रे? तुम्ही सगळं लिहिलंत, तेवढं लिहायचं राहिलं बघा.