स्वयंपाकघरातील शंकासमाधान : मऊ, मलईदार घोटलेला बटाटा

मागील अंकात उकडलेल्या बटाट्याच्या पदार्थांविषयी लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच पदार्थाविषयी होती. तो पदार्थ म्हणजे दूध आणि लोणी घालून घोटलेला मऊ बटाटा, ज्याला हॉटेलात आणि मोबाईलवरील पाककृतींत ‘मॅश्ड पोटॅटो’ म्हणतात. दात नसलेल्या आजोबांपासून नुकत्याच जेवू लागलेल्या लहानग्यापर्यंत सर्वांना चालणारा हा पदार्थ आहे. त्याला महागडे साहित्य लागत नाही, मात्र हाताळणी अचूक लागते. निवडक शंकांची उत्तरे येथे देत आहे.

शंका : माझ्या मुलीने मोबाईलवर पाहून मॅश्ड पोटॅटो केले. आलू सोलून, फोडी करून कुकरमध्ये पाण्यात उकडले, मिक्सरमधून फिरवले आणि दूध घातले. हलके होण्याऐवजी ते डिंकासारखे ताणले जाऊ लागले. आणखी दूध घातले तरी चिकटपणा गेला नाही. काय चुकले असेल?
— एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, मुख्य दोष मिक्सरचा आहे. बटाट्याच्या पेशींमध्ये स्टार्चचे सूक्ष्म कण असतात. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाला ते पाणी शोषून फुगतात आणि पुढे उकळत्या पाण्यात पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन सैल पडते. नीट शिजलेल्या बटाट्यात पेशी सुट्या होतात, पण बहुतेक फुटत नाहीत. फुगलेला स्टार्च आतच राहतो आणि म्हणूनच घास जिभेवर मऊ लागतो. मिक्सरचे पाते या पेशी फाडते, आतला स्टार्च बाहेर येतो आणि त्याची खळ तयार होते. एकदा खळ झाली की दूध किंवा लोणी घालून ती मोडत नाही. तो बटाटा टाकून मात्र देऊ नका. त्यात ज्वारीचे पीठ, कांदा, मिरची आणि ओवा घालून थालीपिठे लावा; तेथे हाच चिकटपणा उपयोगी पडतो.

या कामासाठी लागणारे उत्तम साधन आपल्या बहुतेक घरांत माळ्यावर असते, ते म्हणजे पुरणयंत्र. बारीक छिद्रांची जाळी लावून गरम बटाटा त्यातून एकदाच काढावा. पुन्हा पुन्हा फिरवू नये. यंत्र नसेल तर पुरणाच्या चाळणीवर वाटीच्या बुडाने दाबून काढावा, किंवा डाळघोटणीने सरळ खाली दाबत जावे. गोल गोल घोटत बसू नये, कारण त्यानेही पेशी फाटतात, फक्त जरा उशिरा. बटाटा गरम असतानाच हे काम उरकणे आवश्यक आहे. गार होताना स्टार्च घट्ट बसतो आणि मग कितीही दाबले तरी गुठळ्या राहतात.

दुसरा दोष पाण्याचा आहे. सोलून, फोडी करून पाण्यात उकडलेला बटाटा पाणी पितो, आणि जेथे पाणी भरले तेथे दूध आणि लोणी मुरायला जागा उरत नाही. त्यामुळे मध्यम आकाराचे बटाटे सालासकट, कुकरमध्ये जाळीवर ठेवून वाफेवर शिजवावेत. चुलीवर पातेल्यात शिजवायचे असतील तर गार पाण्यात घालून, एका लिटरला सुमारे १० ग्रॅम मीठ टाकून, मंद उकळीवर ठेवावेत. उकळत्या पाण्यात एकदम टाकलेला बटाटा बाहेरून फुटतो आणि आत कच्चा राहतो. सुरीचे टोक मध्यापर्यंत विनासायास गेले आणि सुरी वर उचलली असता बटाटा तिच्यावरून आपोआप घसरून पडला, की तो शिजला असे समजावे. आपल्या भागात विहिरीचे व बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियममुळे पेक्टिन घट्ट होते आणि बटाटा शिजायला वेळ लागतो. म्हणून थोडा वेळ अधिक द्यावा, पण सोडा घालू नये. त्याने चव साबणासारखी होते.

साल काढून यंत्रातून काढलेला बटाटा जाड बुडाच्या कढईत घेऊन मंद आचेवर दोन-तीन मिनिटे हलक्या हाताने परतावा. सुरुवातीला भरपूर वाफ निघते. ती कमी झाली आणि कढईच्या बुडाला पांढरा पातळ पापुद्रा धरू लागला, की बटाटा कोरडा झाला. ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण माझ्या मते मलईदारपणाचा निम्मा भार याच दोन-तीन मिनिटांवर असतो. एक किलो बटाट्याला ८० ते १०० ग्रॅम लोणी आधी घालावे, ते पूर्ण मुरू द्यावे आणि त्यानंतरच सुमारे २०० मिलीलिटर कढत दूध थोडे थोडे करून मिसळावे. लोणी आधी घातल्याने स्टार्चभोवती स्निग्धतेचे आवरण बसते आणि मिश्रण चिकट होण्याचा धोका कमी होतो. गार दूध घातले तर बटाटा थिजतो. मीठ शेवटी चाखून घालावे.

शंका : पावसाळ्यात आठवडी बाजारातून आणलेला आलू गोडसर लागतो आणि कधी कधी शिजूनही पाणचट राहतो. मॅशसाठी कोणता आलू घ्यावा?
— एक शेतकरी वाचक, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

उत्तर : दादा, गोडव्याचे कारण शीतगृह आहे. उत्तर भारतातील बटाट्याची मुख्य काढणी हिवाळ्याच्या अखेरीस होते आणि तो माल पुढे अनेक महिने शीतगृहात राहतो. फार कमी तापमानात बटाट्यातील स्टार्चचा काही भाग साखरेत बदलतो. असा बटाटा घरी आणून टोपलीत, हवेशीर आणि अंधाऱ्या जागी दोन-तीन आठवडे ठेवला तर ती साखर पुष्कळशी कमी होते. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, कारण तेथे नेमका तोच बिघाड पुन्हा सुरू होतो. कांद्याच्या ढिगाशेजारीही ठेवू नये. उजेडात राहून हिरवा पडलेला बटाटा वापरूच नये. त्यात सोलॅनिन नावाचा अपायकारक घटक वाढलेला असू शकतो आणि तो शिजवल्याने जात नाही.

पाणचटपणा हा जातीचा आणि जमिनीचा प्रश्न आहे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या जातींच्या नावात ‘कुफरी’ हा शब्द असतो. त्यांपैकी कुफरी पुखराज लवकर तयार होतो आणि भरपूर उत्पादन देतो, पण त्यात पाण्याचे प्रमाण अधिक असते. तो रस्सा भाजीला चांगला. वेफर्ससाठी विकसित केलेल्या कुफरी चिप्सोनासारख्या जातींत कोरडा अंश जास्त असतो आणि असाच पिठूळ बटाटा घोटण्यासाठी उत्तम. बाजारात जात विचारून नेहमीच खरे उत्तर मिळते असे नाही, म्हणून एक साधी परीक्षा सांगते. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ पूर्ण विरघळवून त्यात बटाटा सोडावा. तळाशी बसला तर तो पिठूळ, तरंगला तर पाणचट. हे खारे पाणी नंतर बटाटे शिजवायला वापरू नये, फार खारट असते.

शंका : आमच्या गावात क्रीम किंवा चीज मिळत नाही. त्याशिवाय हॉटेलसारखी चव येईल का?
— एक वाचक भगिनी, चांदूर बाजार तालुका, जि. अमरावती

उत्तर : येईल, आणि माझ्या मते अधिक चांगली येईल. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के किंवा त्याहून अधिक स्निग्धांश असतो, तो गाईच्या दुधापेक्षा बराच जास्त आहे. घरी म्हशीचे दूध असेल तर क्रीमची उणीव भासणार नाही. तापवलेल्या दुधावरची साय दोन चमचे घोटून घातली की पुरते. गवळाऊ गाईचे दूध असेल तर लोणी थोडे वाढवावे. विकतच्या बटरपेक्षा घरचे ताजे लोणी घ्यावे, मात्र ते धुऊन ताक पूर्ण काढलेले असावे. थोडा आंबूसपणा हवा असेल तर घट्ट चक्का किंवा दही बटाटा शिजल्यानंतर, आचेवरून उतरवून मिसळावे. आंबट पदार्थात पेक्टिन सैल होत नाही, म्हणून दही, लिंबू किंवा टमाटर शिजवताना घातले तर बटाटा दडदडीतच राहतो.

शंका : एकाच मूळ पदार्थातून निरनिराळ्या चवी कशा काढाव्यात? आमच्या घरी फिके चालत नाही.
— एक वाचक, भिवापूर तालुका, जि. नागपूर

उत्तर : आपण भिवापूरचे, म्हणजे लाल मिरचीच्या गावचे, त्यामुळे मिरचीपासूनच सुरुवात करते. मिरची-लसणाचा ठेचा थेट मॅशमध्ये कालवला तर तिखट गोळे लागतात आणि दुधाची चव मारली जाते. त्याऐवजी लोणी कढईत मंद तापवून, त्यात ठेचलेली सुकी लाल मिरची आणि लसणाचे काप टाकावेत, लसूण बदामी होताच आच बंद करावी आणि ते लालसर लोणी वाढताना वरून सोडावे. खाणाऱ्याला हवे तेवढे तो कालवून घेतो आणि पांढऱ्या बटाट्याची चवही शाबूत राहते. लसणाचा सौम्य स्वाद हवा असेल तर सात-आठ सोललेल्या पाकळ्या त्याच २०० मिलीलिटर दुधात दहा मिनिटे मंद उकळाव्यात, चमच्याने ठेचून एकजीव कराव्यात आणि ते दूध वापरावे. कच्च्या लसणाचा उग्रपणा त्यात राहत नाही.

मला मनापासून आवडणारी चव जवसाची आहे. आपल्याकडे भाकरीवर जवसाची चटणी आणि कच्चे तेल घेण्याची जुनी रीत आहे, आणि जर्मनीच्या पूर्व भागातील लाउझिट्स या प्रदेशातही उकडलेला बटाटा, ताज्या चक्क्यासारखा क्वार्क आणि जवसाचे तेल हे शेतकऱ्यांचे जुने जेवण आहे. तेव्हा दोन चमचे चक्का घालून घोटलेला बटाटा ताटात पसरावा, मध्यभागी खळगा करून त्यात घाण्याचे ताजे जवस तेल सोडावे आणि वरून भाजलेल्या जवसाची लसूण घातलेली कोरडी चटणी भुरभुरावी. हे तेल तापवू नये. उष्णतेने ते लवकर बिघडते आणि कडवट लागते. बाटली उघडल्यावरही ते थोड्याच दिवसांत संपवावे.

हिवाळ्यात तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, तेव्हा भरितातले थोडे भाजलेले वांगे बाजूला काढावे, पाणी निथळू द्यावे आणि दोन भाग बटाट्याला एक भाग वांगे या प्रमाणात मिसळावे. येथे दूध निम्मे करावे, कारण वांगे स्वतःचा ओलावा आणते. धुराचा वास हाच येथे मसाला आहे. वर हिरवी मिरची आणि बारीक चिरलेला सांबार (म्हणजे कोथिंबीर) पुरेसा होतो, गरम मसाल्याची गरज नाही. कांद्याची पात मिळत असेल तर ती चिरून दुधातच दोन मिनिटे उकळावी आणि दुधासकट बटाट्यात घालावी. आयर्लंडमध्ये अशा बटाट्याला ‘चॅम्प’ म्हणतात आणि त्यावर लोण्याचा गोळा ठेवून वाढतात. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ही चव फार छान जुळते.

सावजी मसाला मात्र मॅशमध्ये कालवू नये, अशी माझी विनंती आहे. तो मसाला तेलात आणि रश्शात फुलतो, दुधात मिसळला की मातकट लागतो. सावजी रश्शाच्या ताटात भाताऐवजी साधा, फक्त लोणी-मिठाचा घोटलेला बटाटा वाढून पाहावा. तिखट रस्सा त्यात मुरतो आणि प्रत्येक घासाला दोन्ही चवी वेगळ्या कळतात.

शंका : उपवासाला चालेल का?
— एक वाचक भगिनी, कारंजा, जि. वाशीम

उत्तर : चालेल. लोण्याऐवजी साजूक तूप घ्यावे, त्यात जिरे आणि हिरवी मिरची परतावी, सैंधव मीठ घालावे आणि वाढताना भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट घालावा. ज्यांच्या घरी उपवासाला जिरे चालत नाहीत त्यांनी आले किसून घालावे.

शंका : घरी कार्यक्रम आहे, पन्नास पाने उठतील. हा पदार्थ आधी करून ठेवता येईल का? उरला तर काय करावे?
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : इतर पदार्थांबरोबर वाढायचा असेल तर माणशी १०० ते १२५ ग्रॅम बटाटा धरावा, म्हणजे पन्नास जणांना पाच ते सहा किलो पुरतो. एकाच मोठ्या गंजात सारा बटाटा घोटायला गेलात तर वरचा गार होतो आणि खालचा जास्त रगडला जातो, त्यामुळे दीड-दोन किलोचे घाणे करावेत. तयार मॅश पातेल्यात भरून, ते पातेले गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवून, वरून थोडे कढत दूध पसरून झाकण लावावे. तासभर तो मऊ आणि गरम राहतो. वाढण्यापूर्वी वरचे दूध हलकेच खाली-वर करून मिसळावे. थेट आचेवर पुन्हा गरम करू नये, बुडाला लागतो आणि जळका वास साऱ्या पातेल्यात उतरतो.

कार्यक्रम उन्हाळ्यात असेल तर विशेष काळजी घ्यावी. शिजवलेला बटाटा आणि दूध हे मिश्रण आपल्याकडच्या मे महिन्यातील उन्हात फार लवकर नासते; मांडवात उघडे ठेवलेले भांडे तासाभरापेक्षा जास्त वापरात ठेवू नये. उरलेला मॅश उथळ ताटात पसरून लवकर गार करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिजमध्ये तो घट्ट होतो, त्यामुळे तसाच वाढण्याऐवजी त्यात थोडे बेसन, ओवा, मिरची आणि सांबार घालून चपट्या टिक्क्या कराव्यात आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्यात. दूध फार जास्त झालेला, पातळ मॅश असेल तर तो कणकेत घालून पराठ्यांसाठी मळावा. त्यासाठी वेगळे पाणी जवळजवळ लागत नाही.