हिमालयन ४११ची ताकद वाढवायची असेल तर

मित्रा, रॉयल एनफील्डच्या या बाइकची ताकद वाढवायला नवा सायलेन्सर एवढ्यात मागवू नकोस. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ८६ मिमी. ते उंच आरपीएमला पळण्यासाठी नाही, खालून ओढण्यासाठी बनवलंय. बीएचपी २४च्या आसपास, टॉर्क ३२ न्यूटन मीटर. नुसत्या फ्री-फ्लोने, म्हणजे धूर मोकळा सोडणाऱ्या सायलेन्सरने, आवाज वाढेल, ताकद जेमतेम. धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलास तर दंडाची भीती वेगळीच.

आधी एअर फिल्टर, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), चेनचा ताण आणि ब्रेक घासतोय का ते बघ. हरवलेली ताकद बहुतेक वेळा इथेच सापडते.

तरीही घाटात गाडी दमत असेल तर पुढचं १५ दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) काढून १४चं बसव. मागच्या चाकाला सुमारे ७ टक्के जास्त ओढ मिळते. सामान लादून डबलसीट वरंध घाट चढताना हा फरक लगेच जाणवेल. बदल्यात हायवेला त्याच वेगात इंजिन जास्त फिरतं, पेट्रोलही थोडं जास्त जातं. मला हा सौदा नक्की पटतो.

लडाखचं गणित वेगळं. खारदुंग लावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल कमी करून मिश्रण सांभाळतो, पण ऑक्सिजन कुठून आणणार? तिथे ताकद घटणारच. पॅनिअरमधलं (बाजूच्या पेट्यांमधलं) ओझं कमी कर, गिअर लवकर खाली टाक.

आणि बिग बोअर किटसाठी (इंजिन मोठं करणाऱ्या सिलिंडर-पिस्टनच्या संचासाठी) पैसे साठवत असशील तर थांब. त्यात भर घालून हिमालयन ४५० घे, ४० पीएस (बीएचपीच्या जवळपासचंच माप) कंपनीतूनच मिळतात.