क्लासिक रॉक आणि पंकमधले कोणते अल्बम आधी ऐकावेत? पिंक फ्लॉइड लावलं की मला झोप येते, माझं काही चुकतंय का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला कोणीही देईल. दुसरा वाचला आणि आमटी गॅसवर तशीच ठेवून लिहायला बसले. कारण मीही झोपले होते. १९९६च्या मे महिन्यात, ठाण्याला, आतेभावाच्या खोलीत. आणि त्याचं उट्टं घरातले अजून काढतात.

आधीच सांगते, मी जाणकार नाही. एका सहकारी बँकेत खाती जुळवण्यात आयुष्य गेलं. डोंबिवलीहून लोकलने जाताना कानात काहीतरी वाजत असायचं, तेवढंच माझं शिक्षण. दादा, म्हणजे तो आतेभाव, मात्र जाणकार. त्याने पहिल्या पगारातून सीडी प्लेअर घेतला होता, सोनोडाइनचे स्पीकर होते, आणि पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम ऐकायचा त्याचा एक विधी होता. दिवा बंद. दार बंद. बोलायचं नाही. आणि पंखाही बंद, कारण पंख्याची घरघर म्हणे मधे येते. मे महिना, दुपारचं आमरसाचं जेवण झालेलं, आम्ही पाच भावंडं जमिनीवर आडवी. सुरुवातीला हृदयाचे ठोके येतात, मग ते संथ गाणं. दुसऱ्या मिनिटाला माझे डोळे मिटले असावेत.

तुम्ही हा अल्बम ऐकलाय म्हणजे पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. चौथं गाणं 'टाइम'. एकदम कितीतरी घड्याळं एकाच वेळी ठणाणा करतात. मी किंचाळून उठले, पाय लागून तांब्या उलटा झाला आणि पाणी थेट सीडीच्या पुस्तिकेवर. आत्या स्वयंपाकघरातून "काय गं झालं, पाल का?" म्हणत धावत आली. दादा काही बोलला नाही. त्याने दिवा लावला, प्रिझमच्या चित्रावरचं पाणी रुमालाने टिपलं आणि म्हणाला, "तुला नाही कळायचं हे."

आता माझी बाजू. ती घड्याळं अॅलन पार्सन्स नावाच्या ध्वनिमुद्रकाने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टेपवर घेतली होती, चार स्पीकरच्या क्वाड्रोफोनिक पद्धतीचं प्रात्यक्षिक म्हणून. ती गाण्यात घातली ती लोकांनी दचकावं म्हणूनच ना? खोलीत आम्ही पाच जण होतो, दचकले मी एकटी. म्हणजे अल्बम नीट पोचला कोणाला? (हा मुद्दा मला तेव्हा सुचला नाही. असे मुद्दे परतीच्या गाडीत कळव्याला सुचतात.)

तेव्हा झोप येते यात तुमचं काही चुकत नाही. तो अल्बम १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत ७४१ आठवडे होता. एवढ्या आठवड्यांत जगभर किती जण घोरले असतील याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

पण माझं खरं दुखणं पुढचं आहे, आणि ते पंकचं आहे.

त्याच १९९६ साली बँकेतल्या एका मैत्रिणीने मला क्लॅश या पंक बँडचा 'लंडन कॉलिंग' दिला. तिचा भाऊ मर्चंट नेव्हीत, त्याच्याकडे बाहेरून आणलेली एलपी होती. म्हणाली, कोरी कॅसेट आणून दे, भरून देते. नव्वद मिनिटांची महाग, म्हणून मी टीडीकेची साठची नेऊन दिली. हा डबल अल्बम, चार बाजूंचा, पासष्ट मिनिटांचा. साठमध्ये पासष्ट मावत नाही हे बँकवालीला कळायला हवं होतं, पण नाही कळलं. पहिली तबकडी ए बाजूला, दुसरी बी बाजूला, आणि वेष्टनावरच्या गाण्यांची नावं तिने आतल्या कार्डावर छान अक्षरात उतरवून दिली. अठरा नावं.

मी सहा महिने तीच कॅसेट ऐकली. दादाच्या खोलीत जे सुटत होतं ते इथे आपोआप कळत होतं, शब्द न कळताही. एक गाणं रॉकाबिलीचं, एक जॅझसारखं डुलणारं, एक रेगेचं, एक सुपरमार्केटमध्ये हरवलेल्या माणसाचं. कोणी पंखा बंद करायला सांगत नव्हतं. ए बाजूला 'क्लॅम्पडाउन' संपता संपता टेप खट्कन थांबायची. बी बाजूला एक भलतं गोड, प्रेमभंगाचं गाणं अर्ध्याच्या थोडं पुढे जाऊन तुटायचं.

मी गाणी मोजली. अठरा. कार्डावरची नावं मोजली. अठरा. जुळलं! फक्त ए बाजूला एक कमी आणि बी बाजूला एक जास्त होतं, तर मी धरून चालले की जागेसाठी मैत्रिणीने एक गाणं इकडचं तिकडे केलं. ए बाजूच्या यादीत शेवटचं नाव होतं 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन'. म्हणजे बी बाजूला शेवटी येणारं ते गोड गाणं हेच. झालं.

ज्यांनी ट्रायल बॅलन्स जुळवलाय त्यांना इथेच हसू आलं असेल. बेरीज जुळली म्हणजे खाती बरोबर असतात असं नाही. एका चुकीने दुसरी चूक खाल्ली की कागद कसा स्वच्छ दिसतो. खरं असं होतं: 'गन्स ऑफ ब्रिक्स्टन' माझ्या टेपवर नव्हतंच, त्याच्याआधी बाजू संपली होती. आणि ते शेवटचं गाणं होतं 'ट्रेन इन व्हेन', जे पहिल्या ब्रिटिश छपाईच्या वेष्टनावर छापलेलंच नव्हतं. ते एका संगीत साप्ताहिकासोबत फुकट वाटायच्या तबकडीसाठी होतं, तो बेत फिसकटला, म्हणून ऐनवेळी अल्बमात घातलं. तोवर वेष्टनं छापून झाली होती. शिवाय 'ट्रेन इन व्हेन' हे शब्द त्या गाण्यात कुठेही येत नाहीत, त्यामुळे ऐकून नाव ओळखायचीही सोय नाही. माझ्याकडे एक नाव होतं ज्याला गाणं नव्हतं, आणि एक गाणं होतं ज्याला नाव नव्हतं. मी दोघांचं लग्न लावून दिलं.

आणि हे ज्ञान मी कुठे पाजळलं? दादाच्याच केळवणात. वीसेक माणसं, पंगत उठलेली, विडे चाललेले. दादा कोणाला तरी सांगत होता की पंक म्हणजे काही संगीत नाही, तीन सूर येणाऱ्या पोरांचा आरडाओरडा. मी म्हटलं, "दादा, नुसता आरडाओरडा नसतो. 'गन्स ऑफ ब्रिक्स्टन' ऐक. नावात बंदुका, आणि गाणं बघावं तर प्रेमभंगाचं. केवढा तरल विचार आहे!"

तो एकदम शांत झाला. मग आत गेला, कपाटातून एक कॅसेट घेऊन आला, पुढे-मागे करून जागा शोधली आणि सगळ्यांसमोर गाणं लावलं. घुमणारा बेस, रेगेची चाल, जाडाभरडा आवाज, दारावर पोलिसांची लाथ पडली तर काय करशील असा सवाल. प्रेमबिम कुठे औषधालाही नाही. "प्रेमभंग झालाय खरा," दादा म्हणाला, "पण कोणाचा?" मग होणाऱ्या वहिनीला म्हणाला, "ही आमची 'टाइम'ला झोपणारी."

सगळे हसले. वहिनीही हसली, तिला तर काही माहीतही नव्हतं.

आता मला सांगा: जे संगीतच नाही त्याची कॅसेट याच्या कपाटात काय करत होती? आणि नेमकं गाणं अर्ध्या मिनिटात सापडतं, म्हणजे ती किती वेळा वाजली असेल? मी तेव्हाच विचारलं. "मित्राची आहे," म्हणाला. त्या मित्राने ती आजवर परत मागितलेली नाही.

तर अल्बम. 'लंडन कॉलिंग' सगळ्यात आधी ऐका. डिसेंबर १९७९मध्ये आला, त्याच्या दोनच आठवडे आधी पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' आला होता. दोन्ही डबल अल्बम. एकात श्रीमंत गायक आपल्या एकटेपणाची भिंत विटेविटेने बांधतो, दुसऱ्यात चार पोरं कंपनीशी भांडून दोन तबकड्या एकीच्या किमतीत विकायला लावतात. माझं मत काय असणार ते तुम्ही ओळखलंच असेल. मुखपृष्ठावर न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात बेस गिटार जमिनीवर आपटणारा पॉल सिमोनन आहे. फोटो काढणाऱ्या पेनी स्मिथला तो छापायलाच नको होता, कारण फोकस हललाय. आणि 'गन्स ऑफ ब्रिक्स्टन' लिहिणारा, गाणारा तोच सिमोनन. माझ्याकडे मुखपृष्ठ असतं तर निदान माणूस तरी ओळखीचा झाला असता.

मग रमोन्सचा पहिला अल्बम, १९७६चा. चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं. डोंबिवलीहून स्लो लोकल धरली तर ठाणं येईपर्यंत जवळजवळ संपतो, दिव्याला रखडली तर नक्कीच. सगळ्यांचं आडनाव रमोन, पण भाऊ कोणी कोणाचे नाहीत. त्यानंतर पॅटी स्मिथचा 'हॉर्सेस', १९७५. हा पहिल्या दिवशी आवडत नाही. पाचव्या दिवशी आवडतो.

लेड झेपेलिनचा चौथा ऐका, पण दुसऱ्या बाजूपासून. पहिल्या बाजूचा 'स्टेअरवे टू हेवन'चा जिना सगळ्यांनी इतका चढलाय की पायऱ्या झिजल्या. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यातले ड्रम एका जुन्या घराच्या जिन्याखाली, उंच छताच्या प्रवेशदालनात वाजवून मुद्रित केलेत. ते मोठ्या स्पीकरवर ऐका, शेजाऱ्यांची काळजी नंतर. त्याच बाजूचं 'फोर स्टिक्स' झेपेलिनच्याच पेज आणि प्लांटने १९७२मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर पुन्हा मुद्रित केलं होतं, तेही मिळालं तर शोधा. क्वीनचा 'अ नाइट अॅट द ऑपेरा' घ्या. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला हे मराठीतल्या प्रत्येक उत्तरात असतं, तेव्हा इथेही आलं असं समजा.

सेक्स पिस्टल्सचा 'नेव्हर माइंड द बोलॉक्स' एकदा ऐकून ठेवून द्या. मला तो कंटाळवाणा वाटतो, सगळी गाणी एकाच चढ्या पट्टीत भांडतात. पण त्याच्या पाठीमागचं एक नाव वाचा. त्यांचा गायक 'आय हेट पिंक फ्लॉइड' लिहिलेला टीशर्ट घालून फिरायचा, आणि याच लोकांना समोरासमोर उभं करून दादासारखे लोक अर्धं आयुष्य वाद घालतात. तर पिस्टल्सच्या त्या अल्बमच्या निर्मात्यांत एक क्रिस थॉमस. आणि 'डार्क साइड'चं मिक्सिंग चालू असताना देखरेखीला बोलावलेला माणूस कोण? हाच क्रिस थॉमस. चार वर्षांच्या अंतराने. तेच कान. टीशर्टवाल्यानेही पुढे सांगितलंच की त्याचं फ्लॉइडशी तसं काही वाकडं नव्हतं.

एवढं लिहिल्यावर प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. तीनेक वर्षांपूर्वी आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा रात्री बाकावर बसून मी 'डार्क साइड' पुन्हा लावला. पंखा चालू होता, नर्सबाईंच्या चपलांचा आवाज येत होता, आणि मी झोपले नाही. घड्याळांनंतर येणारं 'द ग्रेट गिग इन द स्काय' त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकलं. त्यात गायलेले शब्द नाहीत, क्लेअर टोरी नावाची बाई नुसता आकार लावते, आणि तो आकार कुठल्याकुठे जातो. त्या रविवारच्या कामाचे तिला तीस पौंड मिळाले होते. पुढे ती कोर्टात गेली आणि गाण्याच्या कर्त्यांत तिचं नाव लागलं, बरं झालं. तेव्हा फ्लॉइड टाकून देऊ नका. दुपारी जेवून मात्र ऐकू नका. आणि रमोन्स सलग दोनदा ऐकले की डोकं दुखतं, हेही खरंच आहे.

क्रिस थॉमसचा शोध मला गेल्या दिवाळीत लागला. त्याच क्षणी मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, दोन्ही अल्बमच्या श्रेयनामावलीचे फोटो लावून, खाली एकच ओळ: "दादा, केळवणाचा हिशोब." आत्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं. वहिनीने विचारलं, हे कोण. दादाच्या निळ्या खुणा लगेच दिसल्या, उत्तर दोन दिवसांनी आलं.

"बरोबर आहे. पण झोपली होतीस."